गोळीची परीक्षा

आमच्या मानोऱ्याची दिवाळी सोयाबीनच्या पाठोपाठ येते. मळणी आटोपलेली असते, पोती ओसरीवर थप्पीला लागलेली असतात, कपाशीची पहिली वेचणी घरात आलेली असते. आणि बाजारात भाव कसाही असला तरी माहेरवाशिणींची वाट पाहण्यात कोणी काटकसर करीत नाही. गेल्या वर्षी भाऊबीजेला माझी बहीण आली आणि तिच्यासोबत तिचा मुलगाही आला. हा माझा भाचा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दिवाळीच्या सुटीत माणसाने चकल्या खाव्यात आणि दुपारी ताणून द्यावी. पण हा पठ्ठ्या कामाचे कागद सोबत घेऊन आला होता. जेवणे झाल्यावर ओसरीवर त्याने एक कागद पसरला. त्यावर पाऊणशे-शंभर ठिपके विखुरलेले होते आणि त्यांतून तीन आडव्या रेघा गेल्या होत्या.

माझी आई चष्मा सावरीत त्यावर वाकली.

"काय रे, हे कायची रांगोयी होय? ठिपके टाकले अन् जोडलेच नाही!"

"आजी, ही रांगोळी जोडायची नसते, नुसती पाहायची असते," तो म्हणाला. "गोळीची परीक्षा माणसानं घेतली काय आणि यंत्रानं घेतली काय, निकाल सारखाच लागतो का, ते यात दिसतं."

'परीक्षा' हा शब्द ऐकला आणि मी पुस्तक मिटले. अठरा वर्षे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसलेल्या माणसाला हा शब्द झोपेतही जागे करतो. शिवाय प्रश्न गोळीचा होता, आणि आमच्या घरात गोळीला देवघरातल्या देवांइतकाच मान आहे. आईचे हृदय गेली सहा वर्षे डिजॉक्सिनच्या आधारावर चालले आहे. गोळी केवढी, तर पाव मिलिग्रॅम औषधाची. आठवड्यातले पाच दिवस घ्यायची आणि दोन दिवस सोडायची. आई त्याला 'शनिवार-रविवारचा गोळीचा उपास' म्हणते, आणि तो एकादशीपेक्षा कडक पाळते.

हा उपास का, हे भाच्याने मला प्रथमच नीट समजावून दिले. डिजॉक्सिनच्या जातीचे औषध इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने १७८५ साली प्रसिद्धीला आणले, ते एका फुलझाडाच्या पानांतून. औषध मोठे गुणाचे, पण त्याची मात्रा आणि त्याचे विष यांच्यात अंतर फार थोडे. कमी पडले तर हृदय दमते, जास्त झाले तर ठोका चुकतो. १९७१ साली न्यूयॉर्कच्या काही डॉक्टरांनी निरनिराळ्या कारखान्यांच्या डिजॉक्सिनच्या गोळ्या माणसांना देऊन त्यांचे रक्त तपासले. गोळ्यांवर छापलेला आकडा एकच होता. पण रक्तात उतरलेल्या औषधात सातपटीपर्यंत फरक निघाला. औषध गोळीत होते, पण ते पोटात सुटत मात्र वेगवेगळ्या वेगाने होते. तेव्हापासून गोळीत औषध किती आहे एवढेच पाहून भागेना. ते किती वेळात विरघळते हेही पाहणे आले.

ही विरघळण्याची परीक्षा मोठी गमतीची आहे. काचेची सहा पात्रे घ्यायची. त्यांत साधारण पाचशे ते नऊशे मिलिलिटर द्रव, शरीराच्या उबेइतका, म्हणजे ३७ अंशांवर ठेवलेला. प्रत्येकात एक गोळी सोडायची आणि वर एक लहानसे वल्हे ठरावीक गतीने फिरवायचे; मिनिटाला पन्नास फेरे म्हणजे पन्नासच. मग दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, पंचेचाळीस मिनिटांनी थोडा थोडा द्रव काढून, गाळून, त्यात किती औषध उतरले ते मोजायचे. द्रव काढायचा तोही कुठूनही नाही: पृष्ठभाग आणि वल्हे यांच्या बरोबर मध्यावरून, आणि काचेपासून निदान एक सेंटिमीटर दूर. वेळेची सवलत दोन टक्के. दहा मिनिटांचा नमुना असेल तर बारा सेकंद मागे-पुढे चालतील, तेरावा सेकंद नियमाबाहेर!

भाच्याच्या प्रयोगशाळेत हे काम वर्षानुवर्षे एक वयस्क गृहस्थ हाताने करीत आले आहेत. सिरिंज घेऊन ते पहिल्या पात्रापासून सहाव्यापर्यंत जातात, आणि त्यांचा हात हलला असे कोणी पाहिलेले नाही. आता कारखान्याने यंत्र आणले. त्याच्या सहा नळ्या एकाच क्षणी सहाही पात्रांतून द्रव ओढतात. न थकता, न बोलता, रात्री दोन वाजताही. प्रश्न असा की, उद्यापासून यंत्राचा शब्द प्रमाण मानायचा का? ते ठरवायचे तर काही दिवस दोघांनाही तेच काम द्यायचे, आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. हे मांडण्याचे काम भाच्याकडे आले होते.

"मग सरासरी काढ आणि पाहा!" मी माझे गणिताचे सगळे भांडवल एका वाक्यात खर्च केले.

"मामा, हाताची सरासरी आणि यंत्राची सरासरी जवळजवळ सारखीच आहे. पण यंत्र निम्म्या वेळा पाच जास्त दाखवत असेल आणि निम्म्या वेळा पाच कमी, तरीही सरासरी सारखीच येईल ना? रोगी सरासरी गोळी खात नाही. त्याच्या वाट्याला येते ती एकच गोळी."

मी गप्प बसलो. पण प्राध्यापक फार वेळ गप्प बसला तर त्याची प्रकृती बिघडते. मी म्हणालो, "मग दोघांचे आकडे एकमेकांच्या मागोमाग चालतात का ते पाहा. एकाचा वाढला की दुसऱ्याचा वाढतो, एकाचा घटला की दुसऱ्याचा घटतो. त्याला काहीतरी नाव आहे तुमच्यात."

"सहसंबंध," तो म्हणाला. "पुष्कळ जण तिथंच फसतात. सहसंबंध म्हणजे एकवाक्यता नव्हे."

आणि या वाक्यासरशी माझ्या डोळ्यांपुढे एक जुना गठ्ठा उभा राहिला. जी गोष्ट मी आजवर चारचौघांत बोललो नव्हतो, ती त्या दुपारी बोललो. आता वाचकांनाही सांगतो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या मराठीच्या उत्तरपत्रिका आम्ही दोघे व्याख्याते निम्म्या निम्म्या वाटून घेत असू. मी कडक परीक्षक म्हणून ओळखला जाई, आणि कबूल केले पाहिजे, मला त्याचा अभिमान होता. त्या वर्षी माझ्या निम्म्या गठ्ठ्यातली बरीच मुले पडली, सहकाऱ्याच्या गठ्ठ्यातली फारशी पडली नाहीत. मी खुशाल म्हणालो, "माझ्या वाट्याला पोरे कच्ची आली." पण पुढे, निकाल लागून महिना-दीड महिना झाल्यावर, प्राचार्यांनी काही उत्तरपत्रिका माझे गुण झाकून सहकाऱ्याला दिल्या, त्याच्या तपासलेल्या मला दिल्या, आणि गुण दोन रकान्यांत मांडून आम्हांला दाखवले. मी आधी आनंदलो. त्याचा पहिला तोच माझा पहिला, त्याचा शेवटचा तोच माझा शेवटचा. मधला क्रमही जवळजवळ जसाच्या तसा. "पाहा," मी म्हणालो, "आमच्या दोघांत मतभेद नाही!" प्राचार्यांनी पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे वजाबाकी मांडली. जवळजवळ प्रत्येक ओळीत मी सहा-सात गुणांनी मागे होतो.

क्रम एकच होता. पण उत्तीर्णतेची रेघ क्रमावर आखलेली नसते, ती आकड्यावर आखलेली असते. आमच्याकडे ती पस्तिसावर होती. पोहरादेवीच्या वाटेवरच्या एका तांड्यावरचा मुलगा माझ्या हाती एकतीस घेऊन पडला होता. तो सहकाऱ्याच्या गठ्ठ्यात असता तर पास झाला असता. त्याची चूक एवढीच की, वाटणी करताना त्याचा कागद माझ्या ढिगात पडला. आम्ही निकाल सुधारून घेतला; पण तोवर दसरा उलटून गेला होता आणि तो आईबापांबरोबर ऊसतोडीला पश्चिमेकडे निघून गेला होता. पत्र धाडले, निरोप धाडला. तो कॉलेजात परत आला नाही. पुढे एका होळीला तो बाजारात भेटला, वाकून नमस्कार करून गेला. त्या नमस्काराइतके जड ओझे मी अजून उचललेले नाही.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने कागद माझ्याकडे वळवला. "मामा, तुमच्या प्राचार्यांनी पेन्सिलीनं जे केलं, तेच हे आहे."

आणि खरोखरच तसे होते. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हीच वजाबाकी मांडून दाखवली. त्यांनी उदाहरण घेतले होते फुंकर मारून श्वासाचा वेग मोजणाऱ्या दोन उपकरणांचे, एक मोठे आणि एक छोटे. सतरा माणसांनी दोन्हींत फुंकर मारली. सहसंबंध निघाला ०.९४, एक म्हणजे पूर्ण, तेव्हा हा आकडा पाहून कोणीही पेढे वाटावेत. पण माणसागणिक वजाबाकी केली तेव्हा दिसले की, एकाच माणसाच्या बाबतीत ही दोन उपकरणे मिनिटाला जवळजवळ ८० लिटरपर्यंत वेगळे बोलू शकतात, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. म्हणून त्यांनी सांगितले: दोन मोजण्यांची सरासरी आडवी मांडा, त्यांच्यातला फरक उभा मांडा, आणि प्रत्येक जोडीला एक ठिपका द्या. मधली रेघ म्हणजे सरासरी फरक. माझे सहा-सात गुण त्या रेघेत दिसले असते. वरची आणि खालची रेघ म्हणजे फरकाची सीमा. शंभरातले सुमारे पंचाण्णव ठिपके त्यांच्या आत पडतात. पुढे काय करायचे? तर त्या दोन सीमा पाहायच्या आणि स्वतःला विचारायचे, 'एवढा फरक मला चालेल का?'

या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्र देत नाही, हे भाच्याने आवर्जून सांगितले. ते गोळी जाणणाऱ्याने द्यायचे असते आणि ठिपके टाकण्यापूर्वी लिहून ठेवायचे असते. हे मात्र आम्हां शेतकऱ्यांच्या गावाला समजावून सांगावे लागत नाही. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात पाऊस लांबला, तेव्हा ती १५ पर्यंत सैल करण्यात आली. मर्यादा आधी ठरलेली असली तर दाणा दाताखाली चावून ओलावा सांगणारा व्यापारी आणि ओलावा मोजणारे यंत्र यांच्या भांडणाला काही अर्थ असतो. माल काट्यावर चढल्यावर मर्यादा ठरू लागली, तर ती कोणाच्या बाजूने ठरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक फसगत त्याने सांगितली. दोन सरासऱ्यांत फरक आहे का, हे थोड्या नमुन्यांवरून ताडून पाहण्याची एक प्रसिद्ध कसोटी आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या दारूभट्टीत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने ती १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. कसोटी चोख आहे. पण तिचा निकाल लोक उलटा वाचतात. 'फरक सिद्ध झाला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा करतात. कोर्टात पुराव्याअभावी सुटलेला प्रत्येक माणूस साधू असतो काय? सहाच गोळ्या तपासल्या आणि त्यांचे आकडे इकडेतिकडे उड्या मारणारे असले, की मोठा फरकही लपून बसतो. म्हणजे निष्काळजीपणे केलेली तुलनाच 'दोन्ही सारखेच' हा निकाल अधिक सहज देते! दोन रीती सारख्या आहेत हे म्हणायचे, तर फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आतच आहे हे दाखवण्याचा भार म्हणणाऱ्यावर.

"मग तुझ्या ठिपक्यांनी काय सांगितले?" मी विचारले.

इथे भाचा जरा अडखळला. पंचेचाळीस मिनिटांच्या नमुन्यांत हात आणि यंत्र यांची छान एकवाक्यता होती. दहा मिनिटांच्या नमुन्यांत मात्र हाताचे आकडे वर सरकले होते, आणि पाचव्या-सहाव्या पात्राला सर्वांत अधिक. कारण उघड होते. सहाही गोळ्या यंत्राने एकाच क्षणी सोडल्या होत्या. हात पहिल्या पात्रापासून सहाव्यापर्यंत पोचेतो वेळ जातो, आणि सुरुवातीला गोळी झपाट्याने विरघळत असल्याने तेवढ्या वेळातही आकडा चढतो. भाच्याने शेरा लिहिला: 'हाताची रीत सुरुवातीच्या नमुन्यांना अपुरी.'

तो कागद त्या वयस्क गृहस्थांनी पाहिला. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मी एकटा काम करतो तेव्हा गोळ्या कशा सोडतो, पाहिलं आहेस?" ते एकेका मिनिटाच्या अंतराने सोडतात! म्हणजे प्रत्येक पात्राचे घड्याळ वेगळे, आणि प्रत्येक पात्रापाशी हात बरोबर आपल्या वेळेला. तुलना करताना हाताला यंत्राच्या वेळापत्रकावर धावायला लावले होते, आणि मग तो मागे पडला म्हणून दोष दिला होता. शिवाय त्यांनी यंत्राच्या नळीकडे बोट दाखवले. आधीच्या धुण्याचे थोडे पाणी तीत राहते. पहिला घोट फेकून दिला नाही, तर पहिलाच नमुना पातळ होतो. म्हणजे दहा मिनिटांच्या फरकातला काही भाग यंत्राच्या पदरीही घालायला हवा होता.

"आता पेच असा आहे," भाचा म्हणाला. "एकाच पात्रातून दोघांनी नमुना घेतला, तर गोळी-गोळीतला फरक मध्ये येत नाही, पण एकाला दुसऱ्याच्या चालीनं चालावं लागतं. दोघांना आपापल्या चालीनं वेगळ्या गोळ्या दिल्या, तर गोळ्यांचाच फरक मोजण्यात मिसळतो आणि मग पुष्कळ जास्त गोळ्या लागतात. साहेबांना अहवाल सुटी संपताच हवा आहे, आणि निकालही कोणता हवा ते मला माहीत आहे."

"मग काय करशील?"

"मुदत मागेन," तो म्हणाला. पण ते म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. नवी नोकरी, बहिणीचे लग्न व्हायचे आहे. मी त्याला उपदेश केला नाही. एकतीस गुणांची गोष्ट सांगून झाली होती, तेवढा पुरे होता.

कोणी म्हणेल, बारा सेकंदांचा आणि नळीतल्या थेंबाचा एवढा बाऊ कशाला? ज्या देशात परीक्षाच होत नाही तिथे परीक्षकांची तुलना ही चैन नव्हे काय? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. १९८६ च्या आरंभी, म्हणजे 'लॅन्सेट'मध्ये ती वजाबाकी छापून आली त्याच वर्षी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आमच्या नागपूरला आणली होती. विष तेच. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. तपासणीत निघाले ४८.६ टक्के! एवढा फरक दाखवायला ना संख्याशास्त्र लागते ना नवे यंत्र. वेळेवर कोणीतरी बाटली उघडून तपासायला हवी होती, एवढेच. आणि २०२३ साली नागपूर भागातल्या सरकारी रुग्णालयांतून तपासणीला नेलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या काही गोळ्यांत औषधाचा अंशही सापडला नाही. पण नमुना घेतल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत कित्येक महिने लोटले. तेवढ्या काळात त्या गोळ्यांवर विसंबून किती जण तापात पडून राहिले असतील!

पण म्हणूनच यंत्र हवे, असे मला वाटते. नमुने ढिगांनी, हात मोजके, आणि उशिरा आलेला खरा निकालही त्या रोग्याच्या कामाचा नसतो. यंत्र रात्रंदिवस राबेल तर अधिक बाटल्या उघडल्या जातील. मात्र यंत्राला खुर्चीवर बसवण्यापूर्वी त्याचीही परीक्षा व्हावी, प्रामाणिकपणे व्हावी, आणि ज्याच्या हाताची जागा ते घेणार आहे त्याला त्या परीक्षेत तोंड उघडण्याची मुभा असावी. नाहीतर चूक तीच राहील, फक्त ती अधिक वेगाने आणि अधिक गोळ्यांवर होईल.

संध्याकाळी आईने दिव्यात तेल घालता घालता नातवाला विचारले, "मंग माह्या गोयीची परीक्षा कोन घेते?"

"कारखाना घेतो, आजी. प्रत्येक घाण्याची. आणि कधीमधी सरकारही दुकानातून नमुना नेऊन तपासतं."

"कधीमधी?" आई म्हणाली, आणि वात पुढे सारून आत गेली.

तिसऱ्या दिवशी भाचा वाळूजला गेला. आठवड्याने त्याचा फोन आला: तीन आठवड्यांची मुदत मिळाली होती, आणि त्या वयस्क गृहस्थांच्या चालीने पुन्हा सगळे मोजायचे ठरले होते. निकाल काय लागला ते त्याने अजून सांगितलेले नाही, मीही विचारलेले नाही. मी मात्र एक केले. यंदा उत्तरपत्रिका आल्या तेव्हा गठ्ठा फोडण्याआधी दहा उत्तरपत्रिका सहकाऱ्याकडे नेल्या, त्याच्या दहा मागून आणल्या, आणि एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने वजाबाकी मांडली. मी अजूनही दोन गुणांनी मागे आहे.